बिनकांद्याचं घर

नाशकात ज्या घरात कांदा शिजत नाही ते घर जैनाचं असतं, नाहीतर चातुर्मास पाळणाऱ्या एखाद्या शास्त्रीबुवांचं. काजीपुऱ्यातलं खलीलमियाँचं घर या दोन्हींत बसत नव्हतं. तरी तिथल्या चुलीवर बारा वर्षांत कांदा चढला नव्हता. लसूण नाही, मिरची नाही, गरम मसाला नाही. घरात अत्तर नाही, उदबत्ती नाही, बाईच्या केसांना वासाचं तेल नाही. भिंतीपलीकडच्या मालनबाई भाजी विकत. पिंपळगावचा कांदा पाटीत घालून त्या सगळं गाव पालथं घालत, पण शेजारच्या या एका दारात पाटी उतरवायची सोय नव्हती. "याला काय घर म्हनायचं का दवाखाना?" असं त्या खुशाल मोठ्यानं म्हणत, आणि भिंतीअलीकडे बिलकिस ते ऐकून हसे. हसण्याला वास नसतो, म्हणून हसायला बंदी नव्हती.

ही सारी तपश्चर्या बिलकिसच्या नाकासाठी होती. आणि तिचं नाक होतं तिच्या नवऱ्याच्या नावासाठी.

खलील मेनरोडवरच्या मेहेरवानजीशेठच्या दुकानात कामाला होता. देवळालीच्या कँपातल्या साहेबलोकांना लागणारी विलायती बिस्किटं, दारू, लोण्याचे डबे आणि सिगार, सगळं या दुकानातून जाई. सिगार म्हणजे तुमची आमची विडी नव्हे. लाकडी डब्यात, कागदी पट्टा कमरेला बांधून, सात समुद्र ओलांडून ती येणार आणि नाशकाची कोरडी हवा लागताच रुसून बसणार. एखादा डबा आतून वाळलेला निघे, एखादा बुरसलेला, एखाद्यात किडीनं टाचणीएवढी भोकं पाडलेली असत. एकदा दुकानाला रंग लावायचा होता. रंगाचा वास लागू नये म्हणून शेठनं चार डबे दोन दिवसांसाठी खलीलच्या घरी पाठवले. बिलकिस तेव्हा नवी नवरी होती. सिन्नरच्या विडी वळणाऱ्या घरातली मुलगी, बाप तंबाखूचा नुसता वास घेऊन कुठल्या गावचा ते सांगणारा. ती पाण्याची कळशी घेऊन बंद डब्यांवरून गेली आणि जाता जाता म्हणाली, "तिसऱ्यात बुरशी धरलीय. अगदी खालच्या थरात."

खलील हसला. मग त्यानं डबा उघडला आणि त्याचं हसू गेलं. तिसऱ्या दिवशी त्यानं तेच वाक्य शेठपुढे म्हटलं, फक्त 'माझी बायको म्हणते' एवढे तीन शब्द गाळून. एकदा गाळलेले शब्द पुन्हा कुठे आणि कसे घालायचे? खलीलला ते जमलं नाही, आणि पुढं पुढं जमवावंसंही वाटेना. दोन वर्षांत मेनरोडपासून कँपापर्यंत तो 'नाकवाला खलील' झाला.

काम कसं चाले, तर असं. मुंबईहून नमुन्याचे डबे आले की खलील शेठला सांगे, मला शांतपणा लागतो, मी घरी बघतो. घरी दार लावून बिलकिस बसे. आधी चिरूट कानाशी धरून दोन बोटांत हलका दाबायचा. कुरकुरला तर वाळलेला. ती त्याला चिरूटच म्हणे, सिगार हा खलीलचा शब्द. मग वरचं पान हुंगायचं, मग कापलेलं टोक, मग न पेटवताच एक झुरका. मग पेटवून फक्त तीन झुरके. धूर छातीत जाऊ द्यायचा नाही, तोंडात घोळवून नाकावाटे सोडायचा. राख किती वेळ टिकते ते बघायचं. आणि मग डोळे मिटून जे जे आलं ते सांगायचं. बिलकिसची भाषा स्वैपाकघराची होती. ती म्हणे, मोटेचं ओलं चामडं. खलील दुकानात जाऊन म्हणे, लेदर. ती म्हणे, भाजलेलं सुकं खोबरं; तो म्हणे, नट. ती म्हणे, नव्या संदुकीचं लाकूड. तो म्हणे, सेडर. त्याच्याजवळ असे सहा-सात शब्द होते आणि तेवढ्यांवर कँपातले मोठमोठे साहेब माना डोलवत.

बंद्या एकेक करून आल्या. पहिल्यांदा पान गेलं, मग कांदा-लसूण, मग तिखट. मग लग्नकार्यं गेली, कारण तिथं अत्तर आणि बिर्याणी. शेवटी सिन्नर गेलं. माहेरी घरभर विडीच्या तंबाखूची धूळ. त्यात दोन दिवस राहिली की नाक आठ दिवस जड. आई वारली तेव्हा बिलकिस एका दिवसासाठी सिन्नरला गेली आणि त्यानंतर तीन आठवडे तिला वाळकं आणि बुरसलेलं यातला फरक कळेना. खलील तिला काही बोलला नाही. नुसता डोकं धरून उंबऱ्यावर बसून राहिला. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानंतर ती गेली नाही. थोरली बहीण मेहरुन्निसा ईदला भेटायला येई, पण तिच्या लुगड्याला विडीचा वास म्हणून ती मागच्या परसात पाटावर बसे आणि बिलकिस दारात. दोघी बहिणी अशा चार हातांवरून बोलत.

खलील वाईट होता असं म्हणून चालणार नाही. तोही बायकोबरोबर तीच अळणी खिचडी खाई. पण जेलरनं कैद्याच्या ताटातली भाकरी खाल्ली तरी किल्ली जेलरच्याच कमरेला असते.

ही गोष्ट छत्तीस सालच्या रमजानची. थंडी पडायला लागली होती. नाताळसाठी कँपातल्या साहेबलोकांच्या मेसनं मोठी मागणी केली होती आणि दोन वेगवेगळ्या दलालांकडून नमुन्याचे दोन डबे आले होते. शेठ त्यातला एक निवडणार होता, म्हणजे खलील, म्हणजे बिलकिस. दुपारी खलीलनं दोन्ही डबे आणून फळीवर ठेवले. मेणकागदात गुंडाळलेले, वरून सुतळी. तो परत दुकानात गेला.

चारच्या सुमाराला जहिदा उर्दू शाळेतून आली. अकरा वर्षांची पोर, दोन वेण्या, पाटीदप्तर खांद्याला. दारात चपला काढता काढता तिनं मान वर केली आणि म्हणाली, "अम्मी, त्या उजवीकडच्यात ओली गोणी ठेवलीय का कुणी?"

बिलकिस गहू निवडत होती. तिचा हात सुपातच थांबला.

"कशात?"

"त्या डब्यात. आतून चांगला वास आहे, पण वर ओल्या गोणीचा. डावीकडचा छान आहे. नानकटाईसारखा."

डबे बंद होते. बिलकिसलासुद्धा ती गोणी कळली होती, पण अगदी जवळ गेल्यावर. पोरीनं दारातून सांगितलं. बिलकिस उठली, दार लावलं आणि पोरीच्या तोंडावर हात ठेवला. आपल्याला इतकी भीती वाटू शकते हे तिला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

"हे कुणाला बोलायचं नाही. अब्बांना तर नाहीच नाही."

"का?"

"बोललीस तर शाळा बंद. पेरवाला तिखटमीठ लावून खायचं बंद. आणि मालनबाईंकडं रोज दुपारी कांदा-भाकर खातेस ना, तीही बंद."

जहिदाचे डोळे मोठे झाले. त्या भाकरीनंतर ती तीनदा चूळ भरत असे. तिला वाटत होतं, अम्मीला ते माहीत नाही. बिलकिसला तो कांदा रोज पाच पावलांवरून कळे आणि रोज ती तोंड फिरवून घेई, कारण त्या वासानं तिच्या तोंडाला पाणी सुटे.

"सगळं बंद?" जहिदानं विचारलं.

"माझ्यासारखं," बिलकिस म्हणाली.

बिलकिसला पुढचं सगळं दिसत होतं. आज नाहीतर उद्या पोरगी बापासमोर असंच काहीतरी बोलून जाणार. मग एका नाकाची दोन नाकं होतील. दुसरं तरुण, ताजं, आणखी चाळीस वर्षं चालणारं. लग्न लावतानाही बाप जावई असा बघेल की नाक घरातच राहील. आपलं झालं ते झालं, पण ही पोर या दोन खोल्यांत कोंडली गेली तर अल्लाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं तिला वाटलं. पोरगी सुटायची असेल तर एकच वाट होती. या नाकाची किंमतच संपली पाहिजे. नाकवाल्या खलीलचं एकदा सगळ्यांसमोर नाक कापलं गेलं की पुन्हा कुणी त्याला डबा देणार नाही. नोकरी गेली तर गेली. तिच्या बोटांना अजून विडी वळता येत होती; दिवसाला हजार विड्या वळून ती घर चालवील आणि दोन्ही वेळा कांदा खाईल.

संध्याकाळी खलील लवकर आला. रमजानचे दिवस म्हणजे त्याच्या धंद्याची सुगी. दिवसभराच्या रोज्यानं बिलकिसचं तोंड कोऱ्या पाटीसारखं होई, आणि त्या पाटीवर पहिलं अक्षर चिरुटाचंच उमटावं असा त्याचा आग्रह. अजान झाली. त्यानं खजुरानं रोजा सोडला; जहिदा अजून रोजे धरत नव्हती, तरी खजूर तिलाही मिळाला. बिलकिसला फक्त पाणी. खजुराचा गोडवा जिभेवर राहतो, म्हणून तो नंतर. जहिदाला परसात पाठवून खलीलनं दार लावलं आणि डावीकडचा डबा उघडला.

तेरा तासांच्या उपाशी पोटावर तो पहिला झुरका. बिलकिसचं डोकं गरगरलं, तसं ते दरवर्षी गरगरे. पण चिरूट असा होता की क्षणभर ती भूक विसरली. आधी खरपूस खोबरं, मग तुपात परतलेल्या रव्यासारखं काहीतरी, मागाहून पहिल्या पावसाआधीच्या शेणानं सारवलेल्या अंगणासारखा थंड वास. पोरगी म्हणाली ते खरं होतं, नानकटाई होती. राख बोटभर झाली तरी पडली नाही.

उजवीकडच्या डब्यातला तिनं कानाशी धरला. मऊ होता, पण त्याचा मऊपणा खोटा होता, मेलेल्या माणसाचा हात धरावा तसा. हा माल मुंबईच्या कुठल्यातरी वखारीत वाळून मेला होता आणि कुणीतरी ओल्या गोणपाटात ठेवून, पाणी पाजून त्याला उठवून बसवलं होतं. धुरात नुसता कडूपणा होता आणि मागं गोणी.

"बोल," खलील म्हणाला. त्याचे डोळे लहान मुलासारखे तिच्या तोंडाकडं लागले होते.

"उजवा," बिलकिस म्हणाली. "उजवा घ्या. त्यात मोटेचं चामडं आहे, खोबरं आहे. डावा फिका आहे."

बारा वर्षांत ती पहिल्यांदा खोटं बोलली. खलीलनं ते तसंच्या तसं मनात लिहून घेतलं, मग स्वतःच्या हातानं खजूर फोडून बी काढून तिच्यापुढं धरला.

त्यानंतरचे पंधरा दिवस तिनं कसे काढले ते तिलाच माहीत. दाराशी पाऊल वाजलं की तिला वाटे, आला, मान खाली घालून आला. नाताळच्या आधी मेसमध्ये एक मेजवानी होती आणि तिथंच नव्या सिगारचे पहिले डबे फुटणार होते. शेठबरोबर खलीललाही बोलावलं होतं. बिलकिसनं त्याचा कोट झटकून दिला आणि त्याच्या पाठीकडं बघत राहिली. एवढ्या वर्षांत तिला त्याची कीव आली ती त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर तो परत आला तो हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. रोजा असल्यानं पुडा फळीवर ठेवला आणि उभ्या उभ्याच सांगायला लागला. मोठ्या साहेबानं दोन सिगार लागोपाठ ओढल्या. म्हणाला, विलायतेतसुद्धा अशी ओढली नाही. सगळ्यांदेखत खलीलशी हात मिळवला. आता मुंबईच्या क्लबातलाही माल शेठकडून पारखून जाईल, असं म्हणाला.

बिलकिस ऐकत राहिली. मग तिला हसू फुटलं, आणि ते हसू बघता बघता रडण्यावर गेलं. तिनं आपल्या घराला काडी लावली होती आणि लोकांनी त्या उजेडाला दिवाळी म्हटलं होतं.

"मी खोटं सांगितलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"उजवा डबा मेलेला होता. गोणपाटात भिजवून उठवलेला. डावा चांगला होता, बारा वर्षांत तसा आला नव्हता. आणि तुमच्या साहेबानं मेलेला नावाजला! त्यांना काही म्हणजे काही कळत नाही. मग माझं नाक तुम्हाला कशाला हवं? कुठलाही डबा उचला, लेदर म्हणा, नट म्हणा. ते मान डोलावतील. मला सोडा. मला सिन्नरला जाऊ द्या. मला कांदा खाऊ द्या हो एकदा."

खलील हळूहळू खाली बसला.

"शेठला कळलं होतं," तो म्हणाला.

बिलकिसनं डोळे पुसले.

"परत येताना टांग्यात मला म्हणाले, 'साहेबलोकला नाय समजला, पन मला धूरवरून समजला. रोज्यामधे तुझा नाक सुकला काय, खलील? एक वेळ चालेल, दुसरी वेळ नाय.' आणि मी वाटभर स्वतःला सांगत आलो, थकली असेल बिचारी. तेरा तास उपाशी असते. उद्यापासून खजूर आधी देऊ." त्यानं तिच्याकडं बघितलं. त्या बघण्यात रागापेक्षा भीती जास्त होती. "म्हणजे तुला खोटं सांगता येतं."

"एकदाच सांगितलं."

"पण येतं ना? आता मुंबईचा माल येणार. पुढच्या वेळी मी काय धरून चालू? तू उजवा म्हणालीस तर उजवा घेऊ का डावा घेऊ?" तो उठून येरझारा घालायला लागला. मग एकदम थांबला. "ताडून बघायला दुसरं नाक पाहिजे. तुझ्या अब्बांना होतं. तुला आलं. रक्तातलं आहे ते, पोरीत उतरलंच असणार. इतके दिवस सुचलं कसं नाही मला?" आणि त्यानं परसाकडं तोंड करून हाक मारली, "जहिदा!"

बिलकिस भिंत पाडायला निघाली होती, आणि भिंत पोरीच्याच अंगावर आणली होती.

"लहान आहे ती," ती म्हणाली. "तंबाखूपुढं बसवू नका तिला."

"ओढायची थोडीच आहे? नुसता वास."

जहिदा आली. ओल्या हातानं तोंड पुसत होती. म्हणजे नुकतीच भिंतीपलीकडून आली होती. खलीलनं नमुन्यातल्या उरलेल्या दोन सिगार काढून पाटावर ठेवल्या, एक डावीकडं, एक उजवीकडं. कमरेचे कागदी पट्टे त्यानं आधीच काढून टाकले होते.

"बेटा, बस. दोन्ही हुंगून बघ आणि चांगली कुठली ते सांग. बरोबर सांगितलंस तर भद्रकालीतल्या दुकानातली ती जरीची ओढणी ईदला तुझी."

जहिदाचे डोळे चमकले. त्या ओढणीसाठी ती महिनाभर मागं लागली होती. तिनं अम्मीकडं बघितलं, पण खलील मध्येच सरकून बसला. "तिकडं नाही. इकडं बघ."

पोरीनं पहिली उचलली. नाकाशी धरली. मग दुसरी. बिलकिस खलीलच्या खांद्यावरून बघत होती. दुसरी नाकाशी येताच पोरीच्या नाकपुड्या बारीकशा आक्रसल्या, ओलं कापड हुंगल्यावर आक्रसतात तशा. कळलं होतं तिला. सगळं कळलं होतं. बिलकिसनं पदराचा बोळा मुठीत धरला आणि मनातल्या मनात जेवढ्या दुआ येत होत्या तेवढ्या म्हटल्या.

जहिदानं पहिली पुन्हा हुंगली. पुन्हा दुसरी.

"दोन्हींना विडीचा वास येतोय, अब्बा," ती म्हणाली. "खाला येते ना ईदला, तिच्या लुगड्यासारखा."

"नीट बघ. काही फरक?"

"ही जरा लांब आहे."

खलीलनं तिला डोळे मिटायला लावले, सिगार बदलल्या, पुन्हा हुंगवल्या. पोरगी दोनदा 'सारख्याच आहेत' म्हणाली आणि तिसऱ्यांदा मेलेलीलाच चांगली म्हणून चुकली, आणि चुकताना तिनं असा चेहरा केला की ओढणी हातची गेली म्हणून आता रडते की काय. डोळ्यांत पाणी मात्र खरंच आलं. ओढणी खरंच गेली होती.

"जा, खेळ," खलील म्हणाला. "आईवर नाही गेलीस तू."

जहिदा उठली आणि दप्तर घेऊन परसात गेली. जाताना तिनं वळून बघितलं नाही. बिलकिसला वाटलं, धावत जावं आणि पोरीला छातीशी धरावं. अकरा वर्षांच्या पोरीनं जे केलं ते तिला बारा वर्षांत सुचलं नव्हतं. पहिल्याच दिवशी, त्या चार डब्यांवरून जाताना, ती नुसती गप्प राहिली असती तर!

खलील पाटाकडं बघत बसला होता. त्याचे खांदे पडले होते. मुंबईचा माल येणार होता आणि त्याच्याजवळ आता एकही भरवशाचं नाक नव्हतं. असाच बसला तर हा उद्या पुन्हा पोरीला बसवेल, परवा पुन्हा, आणि कधीतरी ती खरं बोलून जाईल. बिलकिस पाटापाशी आली आणि त्याच्यासमोर बसली.

"द्या इकडं," ती म्हणाली.

तिनं पहिली उचलली. "ही चांगली. खोबरं, तुपातला रवा, सारवलेलं अंगण. हिला वर्षभर ठेवलं तर आणखी सुधारेल." दुसरी उचलली. "ही मेलेली. दलालाला सांगा, पुन्हा पाठवलीस तर तुझं नाव मुंबईत सांगू. हे दोन्ही जसंच्या तसं शेठला जाऊन सांगा. म्हणा, रोज्यात चूक झाली, पुन्हा होणार नाही."

"कशावरून होणार नाही?" खलीलनं विचारलं. विचारताना त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"पोरीवरून. ती शाळेत जाईल, तिला हवं तितकं शिकेल. सुट्टीत सिन्नरला मेहरुन्निसा आपाकडं जाईल. बाहेर काय खाईल ते तुम्ही विचारायचं नाही. आणि हे डबे तिच्यापुढं पुन्हा कधी ठेवायचे नाहीत. हे पाळलंत तर मी मरेपर्यंत खरं सांगेन. ज्या दिवशी पोरीच्या हातात चिरूट द्याल, त्या दिवशी माझं नाक मेलं असं समजा."

खलीलनं थोडा विचार केला. यात त्याला काही तोटा दिसला नाही. ज्या पोरीला नाकच नाही ती कुठंही गेली तरी काय बिघडणार होतं?

"आणि तू?" त्यानं विचारलं. "सिन्नरचं म्हणत होतीस. कांदा."

"ते राहू द्या," बिलकिस म्हणाली.

ईद झाली. जहिदाला बिलकिसनं स्वतःच्या लग्नातली जरीची ओढणी काढून दिली. इतकी वर्षं ती बिनकापराची ठेवलेली होती, तरी कसर लागली नव्हती. चार दिवसांनी मालनबाई लेकीला भेटायला सिन्नरला निघाल्या, तेव्हा जहिदा त्यांच्याबरोबर सर्व्हिस मोटारीनं गेली. आठ दिवस राहिली. त्या आठ दिवसांत मुंबईहून सहा डबे आले आणि बिलकिसनं सहाही डब्यांचं खरंखरं सांगितलं.

नवव्या दिवशी दुपारी परसात आवाज झाला. "घ्या तुमची पोर!" मालनबाई म्हणाल्या. "लय उंडारली. यायलाच तयार नव्हती बगा." आणि त्या आपल्या घरात गेल्या. जहिदा परसाच्या मध्यावर उभी होती. उन्हानं काळवंडलेली, वेण्या विस्कटलेल्या. तिला नियम माहीत होता, ती खालासारखी पाटावर बसली आणि म्हणाली, "अम्मी, पाणी दे. आंघोळ करून आत येते."

"थांब," बिलकिस दारातून म्हणाली. "लगेच नको करूस."

ती उंबऱ्यावर बसली. वारा परसाकडून आत येत होता. तिनं डोळे मिटले. पोरीच्या अंगावरून सगळं सिन्नर आत आलं. विडीसाठी भिजवलेली टेंभुर्णीची पानं. तंबाखूची भुकटी. आपाच्या चुलीवरची बाजरीची भाकर, लसणाची चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा. आपाचं माक्याचं तेल. म्हणजे आपानं पोरीची वेणी घातली होती. आणि या सगळ्याखाली, अगदी पुसट, आईच्या गोधडीचा वास. ती गोधडी आपानं अजून ठेवली होती, आणि पोरगी तीच पांघरून झोपली होती. बिलकिस आईच्या मरणानंतर पहिल्यांदा माहेरी आली होती.

"अम्मी, रडतेस?"

"नाही गं. कांदा झोंबतोय."

जहिदा पाटावर जरा पुढं सरकली. मग हळूच म्हणाली, "त्या दिवशी दुसरी होती ना गोणीची?"

बिलकिसनं ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली, हो म्हणून.

"बिलकिस," आतून खलीलनं हाक मारली. "नवा डबा आलाय. आणि ते दार लाव, बाहेरून वास येतोय."

बिलकिस उठली. पोरीकडं तिनं एकदा नीट बघून घेतलं, आत आली आणि दार स्वतःच्या हातानं ओढून घेतलं.